हळू आलेला हात

"हात हळू न्या सर, माशीला कळतंच न्हाई." असं म्हणत आपा टेबलावरच्या माशीकडे बोट इतकं सावकाश सरकवायची, की बघता बघता आमचा चहा निवायचा. बोट अगदी टेकायला आलं की मगच माशी उडायची.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी भौतिकशास्त्र. तिच्या अब्बांचं देगलूरला घड्याळदुरुस्तीचं दुकान. माशीच्या मेंदूतल्या पेशी हालचाल कशी ओळखतात, याचं मॉडेल ती कॉम्प्युटरवर बनवत होती. आणि तिची स्वतःची नजर जात चालली होती. हे तिनं फक्त मला सांगितलं. "नजर हाय तोवर हे उरकायचंय. कुणाला बोलू नका." माझ्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, पण हे मात्र राहिलं.

एकदा तिनं शिपाई मामांना आणि मला व्हरांड्यात शेजारी उभं केलं. "तुम्ही दोन डोळे. मामा, सायकल दिसली की जरा थांबून 'हाव' म्हणा. सर, तुम्ही लगेच. दोन्ही आवाज एकदम आले की पेशी म्हणते, सायकल मामांकडून सरांकडं गेली." सायकल गेली. मामांनी तंबाखू मळली, चिमूट लावली, मग म्हणाले, "हाव."

"एवढं थांबलात तर माशी मरंल की मामा!" आपा हसून हसून भिंतीला टेकली.

अब्बांनी दिलेली घड्याळाची चाकं लावून तिनं बिस्किटाचा डबा फिरता केला होता. आत काळे-पांढरे पट्टे, मधोमध माशी. तेच पट्टे स्क्रीनवर मॉडेलसमोरही सरकायचे, आणि माशीचा नि मॉडेलचा प्रतिसाद दोन रेघांनी खाली उमटायचा. त्या दुपारी ते इतके संथ सरकत होते की मला पेंग आली. मॉडेल गप्प.

"बिघडलं वाटतं," मी म्हणालो.

"न्हाई सर. मामांचा आवाज तुम्ही बोलायच्या आत विरून जातो. डब्यातली माशी बी एवढ्या संथ पट्ट्यांना गप्पच बसली होती. माशीची नि मॉडेलची रेघ जुळली का, ते तेवढं बघून सांगा."

रेघा एकावर एक बसल्या होत्या. "जुळल्या, आपा."

तिनं रेघेवर ठेवायला बोट पुढं केलं, नेहमीसारखं सावकाश. ते स्क्रीनच्या वीतभर बाजूला, हवेतच थांबलं.

मला सगळं ठाऊक होतं. रोज समोर बसून चहा पीत होतो. तरी तिची नजर इतकी गेलेली मला दिसली नाही.

आपा आता देगलूरला असते. कॉलेजातल्या तिच्या टेबलावर माशी बसली की मी उडवत नाही.