उलटा पाय

विमान शिकायला जाऊन मला तीनच आठवडे झाले होते आणि सातपाटीच्या नाक्यावर माझा बॅनर लागला. 'आपल्या गावची पायलट.' खाली शुभेच्छुकांची रांग, त्यातले निम्मे मला ओळखतही नव्हते. गावची पायलट तेव्हा विमान जमिनीवरसुद्धा सरळ नेऊ शकत नव्हती.

दोष माझा नव्हता, खाडीचा होता. लहानपणापासून मी खाडीत बाबांची छोटी होडी हाकलेली. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे हाडात मुरलेलं. विमान जमिनीवर पायांनी वळतं, आणि उजवा पाय दाबला की मुकाट उजवीकडेच जातं. घाबरले की मी उलटा पाय दाबायचे आणि आम्ही दोघं गवतात.

दोघं म्हणजे मी आणि शिकवणारे सर. ढगाळ हवेतही गॉगल न काढणारा माणूस. "हे विमान आहे, मच्छीची होडी नाही," असं म्हणून नाक असं चोळायचे, जणू मी रोज सुकटाची टोपली घेऊनच सीटवर बसते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दोन महिन्यांनी त्यांनी निकालच लावला. "उद्या सरळ नेलंस तर एकटीला सोडतो. नाहीतर बॅग भर."

बॅग भरून जाणार कुठे? त्या बॅनरखालून?

बाबांना फोन केला. बाबा तांडेल, म्हणजे अख्खी बोट त्यांच्या शब्दावर चालते. शब्द मात्र ते जपूनच काढतात. उद्याचं सगळं सांगितलं आणि रडतरडत म्हटलं, "होडीची सवय जात नाय, बाबा."

"मंग होडीत कशाला बसतेस? इमानात बस."

झालं. फोन बंद. एवढ्या प्रेमाने कुणी धीर दिला नसेल.

दुसऱ्या दिवशी विमान सरळ गेलं. रागाने असेल. दोन फेऱ्या झाल्यावर सर खाली उतरले, दार लावलं आणि म्हणाले, "जा." शेजारची सीट रिकामी दिसली आणि दोन महिने ज्याला मनात शिव्या घातल्या, तोच माणूस हवासा वाटला. मी घाबरले होते, साफ घाबरले होते. तरी उडाले, एक फेरी मारली, जरा आपटत उतरले आणि गवतात न शिरता परत आले. तोवर सर बाकीच्यांना सांगत होते, "मी हिला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

घरी फोन लावला, तो आईने उचलला.

"आई, एकटी उडाले! बाबा बोटीवरून आले की सांग."

"कसली बोट? दर्या चांगला हाय, आपली सोडून समद्या बोटी गेल्या. तुजा बाबा सकालपास्नं ओट्यावर बसलाय, वर बगत."

"अगं, मी किती लांब आहे! तिथून काय दिसणार?"

"त्याला काय ठावं नाय? थांब, हाक मारते. तू उतरलीस म्हनून सांगते, म्हंजी जेवंल तरी."