गॅस किती, तारे किती: हुडगे सरांचा प्रश्न

हुडगे सरांची ओळख वर्गात झाली असे म्हणता येणार नाही. तिथे ते शिकवत आणि आम्ही उतरवून घेत असू. खरी ओळख झाली ती एका रविवारी सकाळी. उदगीरच्या आमच्या वसतिगृहाच्या फाटकात सर उभे. "काल फळ्यावर एक चिन्ह चुकलं माझं. वह्या आणा." सोमवारपर्यंत त्यांना दम निघाला नव्हता.

सर कधी स्वस्थ बसलेले मला आठवत नाहीत. निवृत्तीनंतर माझे संशोधनही ते येरझारा घालतच वाचत. विषय असा: विश्वाच्या बालपणीच्या दीर्घिकांत किती द्रव्याचे तारे झाले होते आणि किती अजून वायूच होता? हा वायू म्हणजे मुख्यतः थंड हायड्रोजन, आणि तो सहसा थेट दिसत नाही. सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडवरून त्याचा अंदाज बांधतात. मी या दोन वायूंचे आपल्या आकाशगंगेतले प्रमाण तिथेही लावले आणि वायू संपत आला होता, असे ठोकून दिले. लेख स्वीकारला गेला. त्याच्याच जोरावर पुण्यात नोकरीची मुलाखत ठरली.

ते वर्ष दुष्काळाचे. मी पेढे घेऊन सरांकडे गेले. नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी उदगीर बंद होते, पाण्याचे टँकर तेवढे चालू. सरांनी अर्धा-अर्धा कप चहा ओतला आणि विचारले, "त्या काळी कार्बनच किती झाला होता, सलमा? धूर कमी दिसला म्हणून घरात सरपणच न्हाई म्हणतीस काय?"

माझी चूक मला तिथेच दिसली. कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. तो थोडा असला तरी हायड्रोजन भरपूर असू शकतो.

"सर, मुलाखत आठ दिवसांवर आली."

"मग आठ दिवस हायत की. लेख मागं घे."

घेतला. नोकरी हुकली. खरे सांगते, वर्षभर मी सरांशी बोलले नाही, इतका राग होता. त्याच वर्षी सर दर महिन्याला एसटीने देगलूरला, माझ्या अब्बांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जात होते, हे मला नंतर कळले. अब्बा म्हणाले, "बसतच न्हाईत. उभ्या उभ्या सांगतात, पोरगी खरी वागली, तिला बोलू नका."

योग्य प्रमाण कोणते, यावर माझे काम आजही अडले आहे. वायू जास्त होता एवढे दिसते. किती, ते ठामपणे सांगता येत नाही. सर दर सोमवारी फोन करून विचारतात. परवा म्हणाले, "लवकर कर. पंच्याहत्तर झाली, मी थांबून राहिलोय."

सर, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची इच्छा. माझ्या इच्छेत स्वार्थही आहे. आपल्याला बरे वाटावे म्हणून एखादा आकडा मी आजही सांगू शकते. पण तसे करणे मला जमू नये, अशी सोय आपणच करून ठेवली आहे. तेव्हा सर, आपल्याला थांबावेच लागेल.