दह्याची चाचणी

"कशावरून?"

खालच्या मजल्यावरचे काका चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे. 'आज फार उकडतंय' म्हटलं, तरी हेच. त्यांची उभी नोकरी गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला आम्ही शेजारी उरलो. असा एखादा तुमच्याही जिन्यात असेलच.

काकूंचा नेम वेगळा. घरातून कोणी परीक्षेला निघालं की तळहातावर दहीसाखर.

"दह्याने पेपर सोपा जातो? कशावरून?" असं म्हणून काकांनी लेकीच्या बारावीत एका पेपरला दही चक्क बंद केलं. प्रयोग! काकूंनी अबोला धरला.

पेपर उत्तम गेला. काका जिन्यातच सगळ्यांना सांगत उभे. तेवढ्यात लेक म्हणाली, "पेपर मस्त होता, बाबा. पण निघताना फार एकटं वाटलं."

काकांचा चेहरा उतरला. मग आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत मला म्हणाले, "पेपरला दही लागत नाही, पोरीला लागतं. मी भलतंच तपासत होतो ने!"

पुढच्या पेपरला दही त्यांनी स्वतः दिलं. पुरावा मिळाला की मत बदलायला हा माणूस कधी लाजला नाही. मला ते फार आवडायचं.

काकू गेल्यानंतर काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. लेक पुण्याहून येऊन दवाखान्यात थांबली होती, त्यांना न्यायला मी होते. रिक्षा आली तरी काका उंबरठ्यावरच.

"अगं, तुझ्याकडे दही आहे?"

मी धावत वाटी आणली. त्यांच्या तळहातावर दही ठेवताना मुद्दाम चेष्टा केली, "याने ऑपरेशन नीट होईल? कशावरून?"

"ऑपरेशन डॉक्टर करतील. त्यांची चौकशी करून विश्वास ठेवलाय. हे मला, घरातून निघायला."

खडखडीत बरे होऊन आले. "म्हणजे दही लागू पडलं तर!" मी म्हटलं. चष्मा लगेच कपाळावर. "एका चाचणीवरून?"

यंदा लेक त्यांना कायमची पुण्याला घेऊन गेली. गाडीपाशी मी वाटी घेऊन गेले, तर त्यांचा तळहात आधीच खिडकीबाहेर. दही चाटून झालं आणि त्यांनी वाटी माझ्या हातून घेतली. उरलेलं माझ्या तळहातावर ठेवलं.

"मी कुठे निघालेय, काका?"

"मागे राहणाऱ्यालाही लागतं."

गाडी सुरू झाली. मला विचारायचं होतं, कशावरून? पण तोंडात दही होतं.