मिशीने लावलेलं विरजण

म्योल्नदालच्या औषध-प्रयोगशाळेत गुनवोर अल्मलोव्हबाई चौतीस वर्षं एकच काम करत आल्या: स्फटिक धरवायचे. खडीसाखर धरवतात तसेच, फक्त साखरेच्या जागी प्रथिन. सध्याचं प्रथिन म्हणजे पेशीच्या केंद्रकात बसलेला कारभारीच. शास्त्रज्ञ त्याला ग्राही म्हणतात. त्याच्या पोटात एक खिसा असतो. मधुमेहाच्या औषधाचा रेणू त्या खिशात बसला, की कारभारी जनुकांना हुकूम सोडतो आणि पेशी इन्शुलिनचं ऐकू लागते. जुनी औषधं त्याची शेपटी, म्हणजे प्रथिनाचं टोक, आवळून बसत. साखर उतरे, पण पाय सुजत, वजन चढे. नवा रेणू शेपटीला न डिवचता बसतो का, एवढंच बघायचं होतं. पण क्ष-किरणांत ते दिसायला स्फटिक हवा, आणि सात महिने तो काही नीट धरेना. शुक्रवारी लुंडच्या क्ष-किरण यंत्रावर शेवटची पाळी. ती हुकली, की काम बंद.

बाईंकडे उपाय होता. फसलेल्या स्फटिकांचा चुरा हे विरजण, आणि ते प्रथिनाच्या थेंबात लावायला मांजराची मिशी! टोक निमुळतं, अंगावर बारीक खवले, चुरा छान धरून ठेवते. सोमवारी त्यांनी खण उघडला. मिश्यांची काडेपेटी गायब!

"ती होय? तपासणी होती ना, मी टाकली," साहेब टोर्केल म्हणाला. "आत नुसते केस होते."

"केस? अरे दिवट्या, वीस वर्षांची जमवाजमव होती ती!"

"मग उपट ना एखाद्या मांजराची."

"तुझी दाढी उपटू का आधी?" जिवंत मांजराची मिशी उपटणं बाईंच्या लेखी पाप. गळलेलीच चालायची.

मंगळवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम. तिथली म्हातारी मांजर मायकेन बाकांखालीच लोळायची. स्तोत्र सुरू झालं नि बाई दिसेनाशा झाल्या.

"गुनवोर, अगं, देव वर असतो," पाद्रीण सोल्वेग वाकून म्हणाली. "खाली काय शोधतेस?"

"मिशी!"

मग सगळं गायकमंडळ खिदळत गुडघ्यांवर आलं. जाडे बॉर्ये दोन बाकांमध्ये अडकले. त्यांना ओढून काढताना मायकेनच्या उशीखाली मिशी सापडली. पांढरीशुभ्र, अखंड! सोल्वेगने तिथेच देवाचे आभार मानले, आणि मायकेनचेही.

बुधवारी बाईंनी मिशी धुऊन, चुऱ्यात बुडवून थेंबातून अलगद एक रेघ ओढली. गुरुवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर रेघेवर ओळीने स्फटिक, जणू कुणी हिरे पेरलेले! एकसष्ट वर्षांच्या बाई स्टूलसकट गरकन फिरल्या.

शुक्रवारी लुंडला पडद्यावर खिशाचं चित्र हळूहळू उमटलं. रेणू एका कडेला बसला होता, लाजऱ्या पाहुण्यासारखा. शेपटी मोकळी! गोळी व्हायला अजून कितीतरी वर्षं जायची, पण रेणूने पहिली परीक्षा पार केली होती.

टोर्केलने संचालिकेला फोन लावला आणि आनंदाने त-त-प-प करू लागला. बाईंनी फोन हिसकावला.

"मार्गारेता, काम चालू राहतंय बरं का! हा इथे बोलू शकत नाहीये, रडतोय. तू पुढची पाळी नोंदवून टाक!"