पंचबोल पॉइंटवर राहिलेलं पोट्टं

लहानपणी माणसं जत्रेत हरवतात. मी पन्नाशीला टेकल्यावर, बायको, मुलगी, बहीण, भाऊजी आणि वडील एवढा लवाजमा सोबत असताना, चिखलदऱ्याला हरवलो. (मी शाळेत भूगोल शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून कुणीतरी सांगतंच.)

सहल मुळात बाबांसाठी होती. फाल्गुनात आमची आई गेली. सकाळी ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. भाजी अर्धी झाली आणि ती गेली. त्या दिवसापासून बाबा बोलायचे बंद झाले. बंद म्हणजे अगदी बंद! जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. रडलेसुद्धा नाहीत. डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही झालेलं नाही. आई होती तेव्हाही बाबा फारसे बोलत नसत, कारण आई त्यांना पाळीच येऊ देत नसे. पण तेव्हा ते ऐकत असायचे. आता आमच्या अमरावतीच्या घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायला मिळावा म्हणून मी काहीही करायला तयार होतो.

अकोल्याहून ताईचा फोन आला. ताई माझ्यापेक्षा मोठी, आणि सगळ्यांपेक्षा ठाम.

"गज्या, बाबाले घरात कोंडून काय करून राहिला तू? चिखलदऱ्याले नेऊ त्याइले."

"तिथी जाऊन काय होईन?"

"धुकं हाय, भुट्टे हायेत, घोडे हायेत. माणूस बोलतेच!"

घोडा पाहून माणूस का बोलेल, हे मी विचारलं नाही. ताईला विचारायची आमच्यात पद्धत नाही.

आता बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड होते. गार्ड हा गाडीच्या शेवटच्या डब्यातला माणूस. सगळे चढले ना हे बघायचं आणि मगच हिरवा झेंडा दाखवायचा, असा त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. कुठूनही निघताना बाबा शेवटी. खुर्च्यांखाली वाकून पाहणार, कुणाची छत्री, कुणाची चप्पल, डब्याचं झाकण गोळा करणार आणि मग म्हणणार, "चला." (मूर्तिजापूरच्या एका लग्नातून तर त्यांनी मांडवात पेंगत बसलेली एक म्हातारीही आणून बसमध्ये बसवली होती. निम्म्या रस्त्यात ती जागी झाली तेव्हा कळलं, ती मुलीकडची होती!) त्यामुळे आमच्या घरात मागे वळून पाहायची सवय कुणालाच लागली नाही. ते खातं बाबांचं.

परतवाड्याला दोन्ही गाड्या भेटल्या आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. घाट लागला की मला मळमळतं. मला समोरची सीट, उघडी खिडकी आणि नाकाशी लिंबू लागतं. म्हणून आमची गाडी माझी बायको वंदना चालवते. पण आमच्या गाडीत समोर बाबा, कारण मान त्यांचा. म्हणून मी भाऊजींच्या गाडीत समोर. माझ्यामुळे ताई तिथून उठून आमच्या गाडीत मागे, माझ्या मुलीजवळ, मिनूजवळ. तरीही प्रत्येक ठिकाणी पुन्हा, "तुमी बसा न समोर", "नाई नाई, तुमी बसा" सुरू. भाऊजी घरचे जवाई. ते तर मानापानाच्या भरात एकदा स्वतःच मागे जाऊन बसले. गाडी त्यांनाच चालवायची होती, हे ताईनं लक्षात आणून दिलं.

पहिलं भीमकुंड. भीमानं कीचकाला मारून इथं हात धुतले, ती कथा मी बाबांना रंगवून सांगायला लागलो. कीचक पडला हे दाखवता दाखवता मीच शेवाळावरून पडलो. आजूबाजूची दोन-तीन कुटुंबं पोट धरून हसली. बाबांनी मला हात देऊन उठवलं, कपड्यावरचा चिखल झटकला, आणि पुन्हा धबधब्याकडे पाहायला लागले.

मग शक्कर तलाव. मी बाबांना घेऊन पायडलच्या बोटीत बसलो. त्या बोटीला दोघांनी पाय मारावे लागतात. बाबांनी पाय ठेवले, मारले नाहीत. मी एकटाच जिवाच्या आकांतानं मारत सुटलो आणि बोट जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली!

काठावरून ताई ओरडली, "गज्या, सरळ जा न!"

"सरळ जात नाई व ते!"

"मंग वाकडा जा! पण जा कुठंतरी!"

आईला पाण्याची भारी भीती होती. ती असती तर आम्हा दोघांना खाली उतरवेपर्यंत तिनं तलाव डोक्यावर घेतला असता. बाबा सारखे काठाकडे पाहत होते. ताई, वंदना, भाऊजी, मिनू सगळे तिथं उभे होते, पण बाबा त्यांच्याकडे पाहत नव्हते. मी पाय मारायचे थांबवले.

नंतर त्यांना हसवायचं म्हणून मी घोड्यावर बसलो. (मोबाईल आणि पाकीट पडू नये म्हणून वंदनाच्या पर्समध्ये दिलं. हे लक्षात ठेवा.) घोड्याला मधेच घरची ओढ लागली आणि तो मला घेऊन थेट मालकाच्या अंगणात गेला. मालकाच्या आईनं मला पाणी दिलं. परत येईपर्यंत बाबांचा चहा पिऊन झाला होता.

शेवटी पंचबोल पॉइंट. तिथं दरीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की डोंगर पाचदा उत्तर देतो, असं म्हणतात. समोर सगळं पांढरं, दरी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. मी हाक मारली, ताईनं मारली, भाऊजींनी तर शेतात गडी बोलवावा तशी मारली. डोंगर सगळ्यांना ओ देत होता. मग माझी मिनू, आठवीतलं पोर, बाबांचा हात धरून म्हणाली,

"आबा, तुमी आजीले आवाज देऊन पाहा न."

बाबा कठड्याजवळ गेले. त्यांनी तोंड उघडलं, खरंच उघडलं, गळ्याची शीर वर आलेली मी पाहिली. आणि मग त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"चला चला, थंडी वाजून राहिली," असं काहीतरी ताई म्हणाली आणि जो तो गाड्यांकडे पळाला. कुणालाच तिथं थांबवेना. मला तर रडूच फुटलं. आता जवायासमोर रडायचं कसं? म्हणून मी भुट्ट्याच्या टपरीमागे गेलो. पोटभर रडलो, नाक शिंकरलं, लिंबाचा वास घेतला आणि बाहेर आलो. बाहेर नुसतं धुकं होतं.

भुट्टेवाली म्हणाली, "भाऊ, तुमच्या गाड्या तं गेल्या!"

"दोनी?"

"दोनच होत्या न? मंग दोनी."

"मले सोडून?"

"घरी भांडण झालं काय?"

"नाई व माय."

"मंग मुद्दाम सोडलं असन," ती म्हणाली आणि कणसावर मीठ-तिखट चोळायला लागली.

खिशात मोबाईल नाही, पाकीट नाही. हातात एक लिंबू! मी कठड्याजवळ जाऊन जीव खाऊन ओरडलो, "वंदनाऽऽ!" डोंगरानं माझी बायको मलाच पाचदा ऐकवली. भुट्टेवाली मागून म्हणाली, "भाऊ, ते दरी हाय. बायको रस्त्यानं गेली तुमची."

तिकडे काय झालं ते मिनूनं मला नंतर साभिनय करून दाखवलं. वंदनाला वाटलं, मी आलो तसाच भाऊजींच्या गाडीत गेलो. भाऊजींच्या शेजारी ताई येऊन बसली, म्हणून त्यांना वाटलं, मी वंदनाच्या गाडीत. मागे कुणी पाहिलं नाही, या वेळी बाबांनीही नाही. निघाल्यावर थोड्या वेळानं, वंदनाच्या गाडीत बसलेले बाबा सीटवरून पूर्ण मागे वळले आणि मागून येणाऱ्या गाडीकडे टक लावून पाहू लागले.

"गजू कोण्या गाडीत हाय?" बाबा म्हणाले.

वंदनाचा पाय ब्रेकवर! फाल्गुनापासून पहिला शब्द! ती गाडी तशीच सोडून मागच्या गाडीकडे धावली. "ताई, बाबा बोलले! बाबा बोलले!" ताई धावत आली, बाबांच्या गळ्यात पडली.

"बोला बाबा, अजून बोला!"

"अव, गजू..."

"गजूचंच नाव घेतलं पहिले! लाडका हाय न थो! बोला, मोकळं बोला!"

भाऊजींनी डोळे पुसले आणि सगळ्यांना चिवडा काढला. बाबा तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा यांनी त्यांना पाणी पाजलं! शेवटी बाबा गाडीतून उतरले आणि भर रस्त्यात गरजले, "अबे, पोट्टं राह्यलं न तिथी!"

मग गाड्या वळल्या.

मी कठड्याशी उभा होतो. गाडी थांबायच्या आत बाबा उतरले आणि ताडताड माझ्याकडे आले.

"गधा हायेस काय? सांगून जाता येत नाई? एवढा घोडा झाला, अक्कल नाई!"

इतकी गोड शिवी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. मी हसायला लागलो. पण बाबा थांबले नाहीत. माझी बाही त्यांनी मुठीत गच्च धरली होती आणि त्यांचा आवाज फाटत चालला होता.

"सारी जिनगी मांगं पाहून काढली म्या. एक माणूस मांगं राहू देला नाई. अन् त्या दिवशी मसनातून निघालो, तं सारे म्हणे, मांगं वळून पाहू नका, मांगं पाहाचं नसते. नाई पाह्यलं म्या. तुह्या मायले एकटीले तिथी सोडून आलो, अन् एकदा मांगं पाह्यलंबी नाई रे!"

आणि बाबा रडले. एवढ्या महिन्यांचं एकदम, लहान पोरासारखे, भुट्टेवालीच्या देखत. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भाऊजी दरीकडे तोंड करून उभे राहिले. आईला पोचवायला गेलेले आम्ही सगळेच तसे आलो होतो, मान खाली घालून, सांगितलं तसं.

मी म्हटलं, "बाबा, मीबी नाई पाह्यलं."

बाबांनी डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "तुले तं कधीच मांगं पाहाची अक्कल नाई. तू नको सांगू."

मग ते एकटेच पुन्हा कठड्याजवळ गेले. या वेळी त्यांनी हाक मारली. आईच्या नावानं. आम्ही ते नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं, ते तिला नेहमी "अव" म्हणायचे. डोंगरानं किती वेळा उत्तर दिलं ते आम्ही कुणी मोजलं नाही.

घाट उतरताना बाबा सबंध रस्ताभर बोलले. निम्मं आईबद्दल आणि निम्मं माझ्या मूर्खपणाबद्दल. मला मळमळायचंही सुचलं नाही.

तेव्हापासून सगळं ठीक झालं असं नाही. अजूनही ते कधी कधी दोन-दोन दिवस गप्प होतात, ताटावर बसून नुसते भिंतीकडे पाहतात. मग वंदना स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघते, आणि मी मुकाट्यानं पायात चपला घालून कुठंतरी हरवायला निघतो.