धुराचं पाणी, सोपानची भट्टी

एक गोष्ट मी या प्रवासापर्यंत कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. ती आधी सांगतो, म्हणजे हा प्रवास कशासाठी केला ते कळेल. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी संस्थेच्या कापसावर आम्ही जो प्रयोग दाखवला होता, तो खोटा होता. लाकडाच्या धुरापासून काढलेल्या पाण्यानं मावा (पानांवरची कीड) गेला, असं सगळ्या गावानं पाहिलं. मावा गेला तो मी बीडच्या दुकानातून आणलेल्या विषारी औषधानं. ते मीच फवारलं, भर दुपारी, टँकर आला आणि गाव घागरी घेऊन तिकडे पळालं तेव्हा.

तेव्हा मी तिशीत होतो. आता डोकं पांढरं झालंय. मधल्या काळात पुण्याच्या स्टँडवर बीडची पाटी दिसली की पाय तिकडे ओढले जायचे आणि मी त्यांना परत फिरवायचो. यंदा एप्रिलात एकदाचा गाडीत बसलो.

नगर मागे पडल्यावर हवा कोरडी झाली. आष्टीच्या पुढे रस्त्यानं ट्रॅक्टर परतत होते. एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, त्यावर गाद्या, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, आणि सगळ्यांत वर टेकून बसलेली माणसं. ऊसतोड संपवून घरी चालली होती. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी त्यातली एक ट्रॉली ओळखीची वाटली म्हणून मान वळवून बराच वेळ पाहिली. मग मला म्हणाल्या, "तुमी कुठं चाललाव?"

"नेकनूरकडं."

"कुणाचे पाव्हणे?"

"कुणाचाच नाही."

"मग या उन्हाचं कावून चाललाव?" (कावून म्हणजे कशासाठी.)

मी हसलो आणि खिडकीबाहेर बघू लागलो. माझ्या सवयीचं उत्तर तेच आहे.

बीडला गाडी बदलली. मांजरसुंब्याचा घाट आला तशी बालाघाटाची डोंगररांग दिसली, भाजलेल्या भाकरीच्या रंगाची. आणि उतारावर, पडीक रानात, ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत, जिथं दुसरं काही टिकत नाही तिथं हिरवीगार येडी बाभळ. आम्ही पुस्तकात वेडी बाभूळ लिहायचो. हिला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तोडली की दुप्पट फुटते. शेतकरी तिला शिव्या देतो. आमच्या संस्थेची कल्पना अशी की, हिचं लाकूड बंद पिंपात हवा न लागू देता तापवायचं. आत कोळसा राहतो. धूर लांब नळीतून नेऊन थंड केला की त्याचं आंबट, तांबूस पाणी टपकतं. ते मुरवलं की तळाला डांबर बसतं. कोळसा विकायचा, डांबर लाकडाला लावायचं, धुराचं पाणी पिकावर फवारायचं. फुकटच्या झाडापासून तीन जिन्नस, आणि बायामाणसांना ऊस तोडायला परमुलखात जायला नको. कल्पना चांगली होती. अजूनही चांगली आहे.

नेकनूरच्या पुढे फाट्यावर उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही. फाट्यावर पत्र्याचं हॉटेल होतं, तिथं चहा सांगितला. बाकावर दोन-तीन पोरं होती. एकानं पहिला घोट घेतला आणि कपाकडे बघत म्हणाला, "सोपान केलास का बे चहाचा?"

"दूध महाग झालंय," हॉटेलवाला म्हणाला. "थोडा सोपान चालतोय."

माझा कप तसाच राहिला. "सोपान म्हणजे?" मी विचारलं.

"पाणी घालणं हो. आमच्यात म्हणत्यात तसं."

"कुणावरून?"

"काय की. पहिल्यापासनं म्हणत्यात."

सोपान भट्टी सांभाळायचा. मी संस्थेवर नेमलेला साहेब, तो भट्टीवाला, पण आमचं बसणं-उठणं भावासारखं होतं. पहाटे पिंप पेटवून आम्ही नळीच्या टोकाशी उकिडवे बसायचो. नळीवर गोणपाट गुंडाळलेलं, त्यावर सांडपाणी शिंपडायचं, आतला धूर थंड व्हावा म्हणून. पहिला थेंब पडला की सोपान हळूच म्हणायचा, "साहेब, टपकलं." जसं काही मोठ्यानं बोललो तर ते परत जाईल. वारा फिरून धूर अंगावर आला की डोळ्यांतून धारा लागायच्या. तो म्हणायचा, "पाण्याला आपली भट्टी बेस हाय, टँकरची वाट बघाया नको." त्याची बायको पारूबाई फडक्यात धपाटे (मिश्र पिठाची तिखट भाकरी) बांधून आणायची. तसं जेवण आणि तशी सकाळ मला नंतर कुठं मिळाली नाही. मी चांगल्या पगारावर चांगल्या गावांत राहिलो, तरी हे लिहितो.

मग मावा पडला. आमच्या प्रयोगाच्या वाफ्यावर धुराचं पाणी मारून झालं, तरी पानं खालून काळी ती काळीच. पैसा देणारे पाहुणे बघायला येणार होते. मी औषध फवारलं. पाहुणे खूष झाले, गाव खूष झालं, आणि सगळ्या सभासदांनी सोपाननं भरलेले डबे नेऊन आपापल्या कापसावर मारले. कुणाचाच मावा गेला नाही. आधीच पाऊस नव्हता, जो कापूस तगला होता तोही गेला. तेव्हा लोकांनी सरळ हिशेब केला. प्रयोगात चाललं आणि आमच्यात चाललं नाही, म्हणजे डब्यात पाणी घातलं. डबे कोण भरतं? सोपान.

बैठकीला मी होतो. सोपान माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तपासून बघावं लागेल." एवढंच. लोकांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. दसऱ्यानंतर सोपान आणि पारूबाई ऊसतोडीला गेले ते गावी परतले नाहीत. मला बदली मिळाली. मागितली होती म्हणून मिळाली.

हॉटेलपासून भट्टीपर्यंत पायी गेलो. वाटेत येड्या बाभळीचा काटा चपलेचा तळ फोडून थेट टाचेत घुसला. लंगडत पोचलो तर सुमनअक्का दारातच होत्या. तेव्हा त्या नव्या सून होत्या, आता संस्थेच्या अध्यक्ष आहेत. त्यांनी ओळखायला वेळ लावला नाही. "बसा साहेब. इतक्या वर्षांनी आलाव आन् पहिल्यांदा पाय पुढं केलाव," म्हणत त्यांनी साडीपिनेनं काटा काढला. भोवतीच्या बाया हसल्या.

भट्टी बदलली आहे. दोन लोखंडी भट्ट्या, आणि नळीतून जो वायू उरतो तो परत जाळाकडे वळवलेला, म्हणजे सरपण कमी लागतं. कोळशाची भुकटी सीताफळाच्या बागांत जाते. अक्का सगळं दाखवत होत्या आणि मी खरंच हरखून बघत होतो. आम्ही कागदावर काढलं होतं त्याहून ते पुढे गेलं होतं.

एका कोपऱ्यात डबे भरणं चाललं होतं. एक बाई भरायची. झाकण लावायच्या आधी दुसऱ्या दोघी पुढे यायच्या, बोट बुडवून वास घ्यायच्या, आणि एक म्हणायची, "पाणी न्हाई." मगच झाकण. प्रत्येक डब्याला. आरती म्हणावी तसं सवयीनं चाललेलं.

"हे कशाला?" मी विचारलं, जणू ठाऊक नव्हतं.

"सोपानपासनं," अक्का म्हणाल्या. "तुमच्यादेखतच की झालं ते."

"माव्यावर चालतं का हे आता?"

"न्हाई. खोटं कशाला बोला. आमी तसं सांगतच न्हाई. गोठ्यातल्या माशा जात्यात, रोपं लावायच्या आधी मातीत टाकत्यात, बास." त्यांनी एक भरलेला डबा बाजूला सरकवला. "पण पहिल्या प्रयोगाचं पाणी निराळं व्हतं. म्या डोळ्यांनी बघितलंय. पान न् पान साफ. तसं पाणी पुन्हा निघालं न्हाई साहेब. लिंबाचं लाकूड घालून बघितलं, हिवर घालून बघितलं, वर्षभर मुरू दिलं. अजून बघते. सोपाननं कायतरी बिघडवलं ते बिघडवलंच."

सांगायला याहून सरळ जागा नव्हती. बाया कामात होत्या, अक्का समोर होत्या. मी विचारलं, "सोपान असतो कुठं?"

"सिरसाळ्याला म्हणं. कुऱ्हाडीचे दांडे करतो."

रात्री अक्कांकडे जेवलो, पिठलं आणि ठेचा. त्यांनी तिसरी भाकरी आग्रहानं वाढली. ती मी खाल्ली, तेही सांगितलं पाहिजे.

सकाळी बीडला येऊन परळीकडची गाडी धरली. वडवणी गेलं, तेलगावला चौकात गाडी बराच वेळ थांबली. तिकडे रानं वेगळी. दुष्काळ असूनही कुठं कुठं हिरवा ऊस उभा, आणि बाजूलाच पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळक्या काड्यांचे) ढीग. माझं मन मात्र आदल्या दिवशीच्या भट्टीवरच होतं. जे पाणी कधी नव्हतंच, ते सुमनअक्का इतकी वर्षं शोधत होत्या.

सिरसाळ्याला बाजाराच्या मागच्या गल्लीत सोपान सापडला. पत्र्याखाली बाभळीचे दांडे रचलेले, एका पिंपात डांबर. तो रंधा मारत होता. वर पाहिलं, रंधा ठेवला.

"साहेब? लई वाळलाव."

पारूबाईंनी पाणी दिलं, मग जेवायला बसवलं. येसराची (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची) आमटी आणि भाकरी. तेलगावपासून मनाशी वाक्यं जुळवत आलो होतो. जेवण झाल्यावर त्यातलं एकही आठवेना. नुसतं म्हणालो, "सोपान, प्रयोगाच्या वाफ्यावर मी दुकानातलं औषध मारलं होतं. तुझ्या डब्यांत काही खोट नव्हती."

त्यानं मांडीवरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "पंप कुठला घेतलाव?"

"संस्थेचाच."

"तरीच. दुसऱ्या दिवशी म्या धुतला तो. वास आलता. म्हटलं साहेबांनी खाटेच्या ढेकणांवर मारलं असंल कायतरी."

मी मान खाली घातली.

"माझं मत काय व्हतं सांगू का," तो म्हणाला. "म्या पाणी घातलं न्हाई हे मला ठाव व्हतं. पण नळीवरच्या गोणपाटाचं पाणी सांध्यातून आत शिरलं असंल, असं वाटायचं. म्हणून त्या बैठकीत तोंड उघडलं न्हाई. म्हटलं, आपल्याच हातनं झालं असंल. फडात ऊस तोडतानाबी तो सांधाच डोळ्यापुढं असायचा. कुठून शिरलं असंल, कुठून शिरलं असंल."

पारूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "म्या एकदा इचारलं होतं यांना," त्या म्हणाल्या. "कोपीत (फडावरच्या झोपडीत). म्हटलं, खरं सांगा, घातलं का? यांनी उत्तर दिलं न्हाई. मग म्याबी पुन्हा इचारलं न्हाई. पण मनात राहिलंच की ते."

"काय उत्तर देणार?" सोपान म्हणाला. तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

मी माफी मागू लागलो. पारूबाईंनी ताट उचलता उचलता मला थांबवलं. "आमच्यापुढं कावून बोलताव भाऊ? आमी काय करू ते ऐकून? जिथं बोलायचं तिथं कधी बोलणार?"

"संस्थेची सभा असती पोळ्याच्या आसपास," सोपान म्हणाला. "सगळे येत्यात. तिथं बोला."

"तू येशील माझ्याबरोबर?"

"न्हाई. मी आलो तर म्हणत्याल, यानंच शिकवून आणलंय." त्यानं रंधा उचलला. "तुमी एकटे जा."

मला पोचवायला तो स्टँडवर आला नाही. येईल असं मला का वाटलं होतं कुणास ठाऊक. वळणावर मागे पाहिलं तर तो पुन्हा कामाला लागला होता, आणि पारूबाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. काहीतरी विचारत होत्या. तो सांगत होता.

बीडच्या स्टँडवर नेकनूरची आणि पुण्याची अशा दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या. मी स्वतःशी म्हणालो, सभा हीच योग्य जागा आहे, सोपाननंही तेच सांगितलं. ते खरं होतं. माझ्या सोयीचंही होतं. मी पुण्याच्या गाडीत बसलो.

घरी येऊन पंधरवडा झाला. बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, मग पुढं? इथं बसलो की पहाटेचा तो धूर आठवतो, नळीच्या टोकाशी उकिडवं बसणं आठवतं, आणि वाटतं, पुन्हा एकदा तिथं नुसतं बसता आलं तरी पुरे. पण तिथं जाऊन नुसतं बसण्याचा हक्क मला उरलेला नाही. हे मी इथं लिहिलं म्हणजे सांगून झालं, असंही नाही. हे छापून येईल तो अंक भट्टीवरच्या बाया वाचणार नाहीत. त्या आजही बोट बुडवून वास घेत असतील आणि सुमनअक्का नसलेलं पाणी शोधत असतील.

पोळ्याच्या सभेला अजून अवकाश आहे. सगळ्या सभासदांपुढे उभं राहून, प्रयोग मी खोटा केला आणि सोपाननं पाणी घातलं नव्हतं, एवढं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.