पुराव्याशिवायच्या चिठ्ठ्या

नानांनी मला पहिल्याच भेटीत गप्प बसवले. पाच वर्षांपूर्वी आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी नुकतीच कामाला लागले होते. संध्याकाळी ओट्यावरची गर्दी पाहून आज कीर्तन आहे का, असे मी विचारले. रेल्वेच्या गणवेशातल्या एका गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवले. त्यांच्या गोष्टीत नुकताच खून झाला होता.

नाना तेव्हा गार्ड होते. सोलापुरात टीव्ही अजूनही, १९८१ सालीही, दिसत नाही. पुण्याच्या मुक्कामात बहिणीकडे ते गुप्तहेराची इंग्रजी मालिका पाहत आणि परत आले की आम्हाला सांगत. निवृत्तीनंतरही त्यासाठी ते पुण्याला जातात. इंग्रजी आपल्याला बेताचेच कळते, हे ते मोकळेपणाने सांगतात. उरलेले पदरचे घालतात, त्यामुळे आमचा गुप्तहेर शेंगाचटणी आवडीने खातो.

गुन्हेगार मात्र ते लगेच सांगत नाहीत. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव लिहायचे आणि खाली पुरावा. पुरावा नसलेली चिठ्ठी बाद. या नियमाने आमची पेठ बदलली. भाजी करपली तरी घराघरांतून पुरावा मागितला जाऊ लागला.

पुढच्याच वर्षी वाचनालयातला थोरला शब्दकोश नाहीसा झाला. कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी, नोकरीत नवी. मला काढून टाकायचे कार्यकारिणीच्या मनात होते. त्या संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी म्हणाले, आज गोष्ट नको, याच चोरीच्या चिठ्ठ्या टाकू. मी दाराआड उभी होते.

नाना एकेक चिठ्ठी उघडत गेले. प्रत्येकीवर माझे नाव, खाली कोरे. प्रत्येक चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली. शेवटची मात्र त्यांनी हातातच धरली. नाना मूळचे टेंभुर्णीकडचे. मन हलले की गावची बोली तोंडी येते.

"ही माझी हाय. मीबी हिचंच नाव लिवलं. पुरावा माझ्याकडंबी न्हाय."

मग नानांनी मला बाहेर बोलावले आणि तोवर कुणीच न विचारलेले विचारले: त्या आठवड्यात इथून काय काय बाहेर गेले? भीतीने माझी मती गुंग झाली होती. आठवून म्हणाले, जुन्या मासिकांचे गठ्ठे बांधणीला गेले. सकाळी नाना माझ्याबरोबर बाइंडरकडे आले. मासिकांबरोबर चुकून गेलेला कोश तिथे नवा पुठ्ठा लावून वाळत ठेवला होता.

माझी माफी एकट्या नानांनी मागितली, तीही ओट्यावर, सगळ्यांसमोर. त्यांची चूक एवढीच, की तेही आमच्यासारखेच माणूस होते. पण ती चारचौघांत वाचून दाखवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आज हा लेख मी त्याच वाचनालयाची ग्रंथपाल म्हणून लिहीत आहे. साठी गाठलेल्या नानांना परमेश्वर शंभर वर्षे धडधाकट ठेवो, आणि जिथे कुणावर खोटा आळ येईल तिथे त्यांना वेळेवर पोचवो.